‘बर्क अँड विल्स’ सिनेमा आणि त्यामागची खरी मोहीम: सगळे विचारतात ते प्रश्न

आम्ही मेलबर्नला राहतो आणि घरी पाहुणे आले की मी त्यांना हा सिनेमा दाखवतेच, मग ते पुण्याहून आलेले असोत नाहीतर इथलेच आपले मराठी मित्रमंडळ असो. सिनेमा संपला की दर वेळी तेच प्रश्न येतात, चहा थंड होतो आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगत बसते. म्हणून सगळं एकदाच लिहून काढलंय. शेवट फोडलाय, पण इथल्या शाळेतल्या पोरांनाही तो माहीत असतो आणि माहीत असूनच हा सिनेमा बघायचा असतो, त्यामुळे हरकत नाही.

सिनेमा नक्की कशावर आहे?

१८६० साली मेलबर्नहून एक मोहीम निघाली. ऑस्ट्रेलिया खालून वर, म्हणजे दक्षिणेच्या किनाऱ्यापासून उत्तरेच्या कार्पेंटेरिया आखातापर्यंत पार करायचा, असा बेत होता, कारण मधल्या भागात काय आहे हे युरोपियन लोकांना माहीतच नव्हतं. पुढारी होता रॉबर्ट ओ’हारा बर्क आणि सर्व्हेअर होता विल्यम जॉन विल्स. ते पोचले, आणि परत येताना मेले. सिनेमा १९८५चा, ग्रॅम क्लिफर्डने दिग्दर्शित केलेला, दोन तास वीस मिनिटांच्या आसपास आहे, त्यामुळे जेवण उरकूनच बसा.

यात कोण कोण आहे?

बर्कच्या भूमिकेत जॅक थॉम्पसन आणि विल्सच्या भूमिकेत नायजेल हॅव्हर्स. हॅव्हर्सला आपण ‘अ पॅसेज टू इंडिया’मध्ये पाहिलेलं असतं, त्यातला तो मॅजिस्ट्रेट, त्यामुळे चेहरा लगेच ओळखू येतो. बर्कला आवडणारी गायिका ज्यूलिया मॅथ्यूज झालीय ग्रेटा स्काकी. कॅमेरा रसेल बॉइडचा आणि संगीत पीटर स्कल्थॉर्पचं, हे ऑस्ट्रेलियातले फार मोठे संगीतकार. आवाज थोडा मोठा ठेवून बघा एवढंच सांगेन.

हे सगळं खरंच घडलंय? की सिनेमावाल्यांनी रंगवलंय?

खरंच घडलंय. विल्सची डायरी आहे, वाचलेल्या माणसाची म्हणजे जॉन किंगची जबानी आहे, सरकारने नंतर चौकशी आयोग बसवला त्याची कागदपत्रं आहेत. सिनेमाने माणसांचे आपसातले संबंध आपल्या पद्धतीने दाखवलेत, ते कुठलाही सिनेमा करतोच, पण जो भाग लोकांना सगळ्यात फिल्मी वाटतो ना, त्या झाडापाशी परत येणं, तो तर शंभर टक्के खरा आहे.

पण जायचंच कशाला होतं?

सोन्यामुळे व्हिक्टोरिया कॉलनी तेव्हा एकदम श्रीमंत झाली होती आणि श्रीमंत झालेल्याला नाव हवं असतं. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाने खंड पार करणाऱ्याला २००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं आणि त्यांचा जॉन मॅकडॉल स्ट्युअर्ट नावाचा खरोखर पट्टीचा माणूस आधीच वाटेला लागला होता. आपण मागे पडू या भीतीने मेलबर्नच्या रॉयल सोसायटीच्या समितीने घाई केली. म्हणायला शास्त्रीय मोहीम, सोबत शास्त्रज्ञ, चित्रकार, पण मनात शर्यत. ही शर्यत डोक्यात ठेवलीत तर बर्क पुढे एवढा उतावीळ का वागतो ते कळतं.

बर्कलाच का निवडलं? त्याला वाळवंटाचा अनुभव होता का?

नव्हता. आयर्लंडमधल्या गॉलवेचा माणूस, ऑस्ट्रियाच्या सैन्यात नोकरी करून इकडे आलेला, आणि पोलीस अधिकारी. धाडसी होता, लोकांना आवडायचा, पण कोरड्या मुलखात राहायचं कसं, पाणी शोधायचं कसं, हे त्याने कधी केलेलं नव्हतं. नीट काम येत होतं ते विल्सला, तो फक्त २६ वर्षांचा, ताऱ्यांवरून जागा काढायचा, हवामानाच्या नोंदी ठेवायचा, सगळं व्यवस्थित. मला विल्सबद्दल फार वाईट वाटतं. त्याच्या नोंदी वाचल्या की वाटतं हा मुलगा दुसऱ्या कोणाच्या हाताखाली असता तर म्हातारा होऊन मेला असता.

एवढं सामान कशाला घेतलं होतं? टेबल-खुर्च्यासुद्धा?

हो, ओक लाकडाचं टेबल, खुर्च्या, चिनी घंटा, आकाशात सोडायचे बाण, उंटांना नदी ओलांडताना तरंगायला बांधायच्या हवेच्या पिशव्या. सगळं मिळून २० टनांच्या आसपास. २० ऑगस्ट १८६० ला रॉयल पार्कमधून १९ माणसं निघाली, बघायला १५ हजारांच्या आसपास लोक जमले होते, आणि एक गाडा तर पार्कमधून बाहेर पडायच्या आधीच मोडला. पहिल्या दिवसाचा मुक्काम कुठे पडला माहितीये? एसेंडनला. आज आपण तिथे ट्रामने जातो.

पुढे मेनिंडीला डार्लिंग नदीवर पोचायला त्यांना जवळपास दोन महिने लागले. तेच अंतर टपालाची गाडी आठवड्याभरात कापायची.

ते उंट आपल्याकडून नेले होते म्हणतात, खरं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. खरं आहे. जॉर्ज लँडेल्स नावाच्या माणसाला समितीने खास हिंदुस्थानात पाठवलं, त्याने २४ उंट घेतले, कराची बंदरातून बोटीत चढवले आणि जून १८६० मध्ये मेलबर्नला उतरवले. सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यात होता बरं का, म्हणजे ते उंट कागदोपत्री मुंबई इलाख्याच्या बंदरातूनच निघाले. उंटांबरोबर त्यांना सांभाळणारी माणसंही आली. दोस्त महमद, बेलूच, इसा खान आणि सामला अशी नावं नोंदीत आहेत. आणि त्याच बोटीतून आला जॉन किंग, हिंदुस्थानात पलटणीत नोकरी केलेला आयरिश पोरगा. चौघे पुढे आखातापर्यंत गेले त्यातला हा एकच जिवंत परतला.

सामला हिंदू होता. मोहिमेत जे मांस मिळायचं ते त्याला चालत नव्हतं, सुरुवातीच्या काही दिवसांतच त्याने रजा मागितली आणि तो परत फिरला. एवढीच त्याची नोंद. मी ती वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते. परक्या मुलखात, भाषा येत नाही, खायला काही चालत नाही, आणि तरी ‘मला हे जमणार नाही’ असं स्वच्छ सांगून माणूस परत फिरतो, आणि त्यामुळेच या गोष्टीतल्या कितीतरी जणांपेक्षा जास्त जगण्याची संधी त्याला मिळाली.

दोस्त महमद मात्र शेवटपर्यंत टिकला. कूपर्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठी मोहिमेचा डेपो म्हणजे मधला तळ होता, तिथे चार महिने थांबलेल्या चौघांपैकी तो एक. सिनेमात तो आहे, मन्रो रीमर्सने केलाय, पण त्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही असं माझं स्पष्ट मत आहे. नंतर मेनिंडीला एका उंटानेच त्याला जखमी केलं आणि त्याचा हात कायमचा निकामी झाला. त्याची कबर मेनिंडीजवळ आहे.

मेनिंडीला भांडण कशावरून झालं?

वरवर बघितलं तर रमवरून. लँडेल्सने उंटांसाठी म्हणून ६० गॅलन रम घेतली होती, उंटांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून. ती वाटेत मेंढ्यांची लोकर कापणाऱ्या कामगारांच्या हाती लागली, गोंधळ झाला आणि बर्कने ती टाकून द्या म्हणून सांगितलं. पण मुळात लँडेल्स हाताखालचा असून त्याचा पगार ६०० पौंड आणि बर्कचा ५००, तेव्हा हे कधी ना कधी व्हायचंच होतं. लँडेल्स सोडून गेला, डॉक्टर बेकलरनेही राजीनामा दिला, विल्स नंबर दोन झाला.

मग बर्कने तुकडी फोडली, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे. स्वतः निवडक माणसं घेऊन पुढे गेला, आणि बाकीचं सामान घेऊन मागून या असं विल्यम राइट नावाच्या तिथेच भेटलेल्या माणसावर सोपवलं. राइट निघालाच नाही. समितीकडून नेमणूक पक्की झाल्याचं पत्र नाही, हातात पैसे नाहीत, म्हणून बसून राहिला तो जानेवारी १८६१ संपत आला तेव्हा निघाला. तोपर्यंत पुढे चार माणसं आखाताच्या जवळ पोचत आली होती, या भरवशावर की मागून शिधा येतोय.

चौघांना समुद्र दिसला का शेवटी?

नाही. बर्क, विल्स, किंग आणि चार्ली ग्रे असे चौघे १६ डिसेंबर १८६० ला कूपर्स क्रीकच्या डेपोवरून निघाले, सहा उंट आणि बिली नावाचा एक घोडा, बारा आठवड्यांचा शिधा. भर उन्हाळ्यात. फेब्रुवारीत ते उत्तरेला पोचले, पाणी खारट लागलं, भरती-ओहोटी दिसली, पण पुढे सगळी खारफुटी आणि चिखल. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, खाडीच्या कडेला कांदळवनात उभं राहिलं की समुद्र हाकेवर असतो, वास येतो, आणि तरी दिसत नाही. बर्क आणि विल्स थोडं पुढे गेले आणि मागे फिरले. खंड पार केला पण लाट पाहिली नाही.

शिधा तोवर महिन्याभराचासुद्धा उरला नव्हता आणि परतीची वाट दोन महिन्यांची.

त्या नऊ तासांचं काय आहे? तेवढं नीट सांगा.

सांगते. परतीच्या वाटेवर पाऊस लागला, चिखल झाला, एकेक उंट सोडून द्यावा लागला किंवा मारून खावा लागला, १० एप्रिलला बिलीलाही मारलं. ग्रेने चोरून पीठ खाल्लं म्हणून बर्कने त्याला मारलं, सगळ्यांना वाटलं हा आजारपणाचं सोंग करतोय, आणि १७ एप्रिलला ग्रे खरंच मेला. तिघांच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं तरी त्याला पुरण्यात त्यांनी एक दिवस घालवला.

२१ एप्रिलच्या संध्याकाळी ते डेपोवर पोचले. तिथे कोणी नव्हतं.

डेपोवर विल्यम ब्राहे, पॅटन, मॅकडोना आणि दोस्त महमद होते. त्यांना सांगितलं होतं तीन महिने थांबा. विल्सने ब्राहेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, चार महिने थांब. ते चार महिने आणि वर काही दिवस थांबले. पॅटनचा पाय जायबंदी झाला होता, तो मरायला टेकला होता (आणि पुढे मेलाच), शिधा संपत आला होता, मागून राइटचा पत्ता नाही. शेवटी ब्राहेने थोडं पीठ, तांदूळ, ओटमील, साखर, सुकं मांस पेटीत घालून पुरलं, शेजारच्या कूलिबाच्या झाडावर ‘खणा’ असं कोरलं आणि ते निघाले. त्याच दिवशी सकाळी. २१ एप्रिलच्या सकाळी, जेमतेम नऊ तास आधी.

म्हणजे ग्रेला पुरण्यात गेलेला तो एक दिवस.

लोक म्हणतात काय नशीब, काय चुकामूक. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं आणि सिनेमातला तो प्रसंग बघताना माझ्या पाहुण्यांपैकी कोणीतरी हमखास मोठ्याने ‘अरे देवा’ म्हणतं. पण चुकामूक इथे संपत नाही, पुढचं जास्त वाईट आहे.

मग ब्राहेच्या मागे का नाही गेले? तो तर काही तासांवरच होता.

ब्राहेने चिठ्ठीत लिहिलं होतं की आमचे उंट-घोडे चांगल्या स्थितीत आहेत, आम्ही निघतोय. ते वाचून बर्कला वाटलं आता हे आपल्याला गाठता येणार नाहीत. खरं तर ब्राहेची माणसं आजारी होती आणि त्या रात्री त्यांचा मुक्काम काही फार लांब नव्हता. विल्स आणि किंगला मेनिंडीच्या वाटेनेच जायचं होतं, ती ओळखीची वाट. बर्कने ठरवलं की नाही, नैर्ऋत्येला माउंट होपलेसच्या बाजूला गुराढोरांचा मळा आहे तिकडे जाऊ, तो जवळ आहे. २४० किलोमीटरच्या आसपास, मध्ये पाणी नसलेला पट्टा, त्यांनी प्रयत्न केला आणि पाण्याअभावी पुन्हा क्रीकवरच परत यावं लागलं.

निघताना त्यांनी बर्कचं पत्र त्याच खड्ड्यात पुरलं, कोणी शोधत आलं तर कळावं म्हणून. माती सारखी केली, वरचं सगळं होतं तसंच ठेवलं. आणि झाडावर एक अक्षरही नवीन कोरलं नाही.

ब्राहे परत आला होता म्हणतात, ते खरं का?

हो. ब्राहेला वाटेत राइट भेटला, राइटच्या तुकडीचीही दैना झाली होती, तिथे लुडविग बेकर हा चित्रकार आणि आणखी काही जण मेले. ब्राहेच्या मनाला लागून राहिलं होतं म्हणून तो आणि राइट घोड्यावरून पुन्हा डेपोवर आले, ८ मेला. झाड बघितलं, कोरलेलं जसंच्या तसं. जमीन बघितली, तीही तशीच. राख, पाऊलखुणा दिसल्या त्या स्थानिक लोकांच्या असतील असं वाटलं. पंधरा मिनिटं थांबले, खणून न बघता निघून गेले.

बर्क, विल्स, किंग तेव्हा त्याच क्रीकच्या काठाने खाली, दोन दिवसांच्या वाटेवर जिवंत होते.

आम्ही एकदा या भागावरून घरी खूप वाद घातला, माझा नवरा म्हणतो ब्राहेने खणून बघायलाच हवं होतं. मी म्हणते चाकूने तारीख कोरायला पाच मिनिटं लागतात. दमलेला, भुकेला माणूस एवढं विसरू शकतो हे मला कळतं, तरी दर वेळी पडद्याकडे बघून मनात म्हणते, कोरा रे काहीतरी. ‘२१ एप्रिल, आलो होतो’, बस.

क्रीकमध्ये पाणी होतं, मासे होते, मग उपाशी कसे मेले?

हा प्रश्न विचारणारा माणूस सिनेमा लक्ष देऊन बघतोय असं मी समजते. ते तहानेने मेले नाहीत. शेवटचे दोन महिने ते बारमाही पाण्याच्या काठावर होते. तिथे यांद्रुवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, पोरंबाळं म्हातारेकोतारे सगळे. त्यांनी या तिघांना मासे दिले, नार्डूच्या भाकरीसारख्या वड्या दिल्या. बर्कला ते आवडायचं नाही, आपण यांच्यावर अवलंबून राहावं हे त्याला सहन व्हायचं नाही. एकदा त्याने त्यांना घाबरवायला गोळी झाडली आणि ते लोक तिथून निघून गेले.

आता नार्डू म्हणजे काय, तर पाण्याकाठी उगवणारं एक नेचं, चार पानांचं, त्याला छोटे कडक दाण्यासारखे कोश येतात, ते कुटून पीठ करतात. गोची अशी की त्यात थायमिनेझ नावाचं एक द्रव्य असतं आणि ते शरीरातलं ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. यांद्रुवांधा बायका ते आधी भाजायच्या, पाखडायच्या, भरपूर पाणी घालून वाटायच्या, आणि सोबत मासे असायचेच. आपल्याकडे कडू वाल सोलून, भिजवून, पहिलं पाणी टाकून मगच करतात, ते कोणी पुस्तकात वाचून करत नाही, आजीने दाखवलेलं असतं, तसंच हे. या तिघांना पीठ दिसलं, ते कसं करायचं हे पूर्ण शिकण्याइतका वेळ त्या बायकांजवळ बसायची कोणाला बुद्धी झाली नाही. ते नुसतंच कुटून खात राहिले, पोट भरत होतं आणि पाय चालेनासे होत होते. हा बेरीबेरीचा प्रकार होता असं बरेच अभ्यासक मानतात.

विल्सने जूनच्या शेवटी डायरीत लिहिलंय की नाडी ४८ आहे आणि फार क्षीण, हातपाय नुसते हाडं आणि कातडी. डिकन्सच्या कादंबरीतल्या मिकॉबरसारखा मीही काहीतरी घडेल याची वाट बघतोय, असंही लिहिलंय. स्वतःची नाडी मोजून आकडा लिहून ठेवणारा माणूस. तो एकटाच मेला, कारण त्यानेच बाकी दोघांना सांगितलं की तुम्ही त्या लोकांना शोधायला जा. बर्क थोड्याच दिवसांत गेला, मला पुरू नकोस, पिस्तूल हातात राहू दे असं किंगला सांगून.

किंग कसा वाचला?

तो यांद्रुवांधांकडे गेला आणि त्यांच्यात राहिला. बस, एवढंच. बंदुकीने कावळे, ससाणे मारून त्यांना द्यायचा, ते त्याला नार्डू आणि मासे द्यायचे. कॅरावॉ नावाची एक बाई होती, तिच्या हाताला जखम झाली होती, किंगने पाणी उकळून ती धुतली, औषध लावलं, तेव्हापासून ती आणि तिचा नवरा त्याला रोज खायला देऊ लागले. अडीच महिने. १५ सप्टेंबर १८६१ ला आल्फ्रेड हाउइटच्या शोधपथकाला तो सापडला तेव्हा इतका खंगला होता की आधी ओळखूच येईना. पुढे १८७२ मध्ये क्षयाने गेला, वय जेमतेम ३३.

माझं मत विचाराल तर सिनेमा खरा इथून सुरू व्हायला हवा होता. दोन साहेबांच्या मरणावर दोन तास आणि जगण्यावर थोडीशी मिनिटं, हे मला खुपतं. सिनेमा आवडतो म्हणूनच खुपतं.

ती गाणारी ज्यूलिया खरी होती का?

होती. ज्यूलिया मॅथ्यूज, रंगभूमीवरची लोकप्रिय नटी आणि गायिका, तेव्हा अठराच्या आसपास. बर्क तिच्यावर खरंच भाळला होता, लग्नाची मागणीही घातली होती. बाकीचं सिनेमाचं.

सिनेमा चालला का?

नाही, खर्चाच्या मानाने तिकीटबारीवर पडला. त्यात याच मोहिमेवर त्याच वर्षी ‘विल्स अँड बर्क’ नावाचा विडंबनपटही आला, नावं उलटी करून. पण पडलेला म्हणून सोडू नका.

ही ठिकाणं आज बघता येतात का?

मेलबर्नमध्ये बरीच बघता येतात. रॉयल पार्कमध्ये, जिथून ते निघाले तिथे, दगडांचं स्मारक आहे, प्राणिसंग्रहालयाला जाता जाता बघून होतं. जनरल सेमेटरीत बर्क आणि विल्सची कबर आहे, भलामोठा ग्रॅनाइटचा दगड. हाउइटने त्यांची हाडं परत आणली आणि जानेवारी १८६३ मध्ये सरकारी इतमामात अंत्ययात्रा निघाली, पाहायला सगळं शहर लोटलं होतं. चार्ल्स समर्सने केलेला दोघांचा पुतळा शहरात वर्षानुवर्षं होता, २०१७ मध्ये मेट्रोच्या कामासाठी हलवला.

ते झाड अजून आहे, क्वीन्सलँडमध्ये कूपर्स क्रीकच्या काठी, पण तिथे जाणं म्हणजे मोठी गाडी, जादा डिझेल, पाणी, चार दिवस आधी रस्त्यांची चौकशी. उन्हाळ्यात तर विचारसुद्धा करू नका. कोरलेला ‘खणा’ आता सालीखाली गेलाय, झाडाने तो भरून काढला. मुक्कामाचा नंबर, रोमन आकड्यात ६५, तो अजून दिसतो.

आम्ही अजून गेलेलो नाही. आधी मेनिंडीला जायचंय, ब्रोकन हिलच्या बाजूने, दोस्त महमदच्या कबरीवर फुलं ठेवायची आहेत.